मुखपट्टी आणि मोजपट्टी

सन २०२० चे तुळजापूरचे शारदीय नवरात्र भाविकांविना पार पडले. पुढील वर्षी ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, राज्यातील मंदिरे उघडली ती मुखपट्टीच्या अटीवर. आणि २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, ही सक्ती उठली. दरम्यान राज्यभर दंडाच्या पावत्या फाडल्या गेल्या. त्या पावत्यांचा हिशेब सरकारदरबारी आहे. परंतु मुखपट्टीने आजार किती टळला, याचा हिशेब त्यांतून निघत नाही.

हा हिशेब दिसतो तितका सोपा नव्हे. मुखपट्टी वापरणारा मनुष्य बहुधा गर्दीही टाळतो. मग तो वाचला तो कशाने? शिवाय मुखपट्टीचा लाभ जसा वापरणाऱ्यास, तसाच त्याच्या शेजाऱ्यासही. डेन्मार्कमध्ये २०२० साली सुमारे ६,००० व्यक्तींवर प्रयोग झाला. संसर्ग एका गटात १.८ टक्के, तर दुसऱ्यात २.१ टक्के आढळला. हा फरक निर्णायक नव्हता आणि शेजाऱ्याचा लाभ त्यात मोजलेलाच नव्हता.

म्हणून बांगलादेशात संशोधकांनी व्यक्तीऐवजी गाव हे एकक धरले. ६०० गावांपैकी चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणे निम्मी निवडून तेथे मुखपट्ट्या फुकट वाटल्या व लोकांना आठवण देणारी माणसे नेमली. इतर गावांत वापर १३ टक्के राहिला, या गावांत तो ४२ टक्क्यांवर गेला. रक्ततपासणीने सिद्ध झालेला लक्षणांसहित आजार सुमारे ९ टक्क्यांनी घटला. वैद्यकीय मुखपट्टी वाटलेल्या गावांत साठीपुढील वृद्धांमध्ये सुमारे ३५ टक्क्यांनी. कापडी मुखपट्टीविषयीचा पुरावा मात्र संदिग्धच राहिला. येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. हे आकडे मुखपट्टी वाटण्याच्या मोहिमेचे आहेत. सर्वांनी ती नित्य वापरली तर काय होईल, याचे नव्हेत.

हा भेद विसरल्यानेच २०२३ साली कॉक्रेन संस्थेच्या समीक्षेवरून ‘मुखपट्टी निरुपयोगी’ अशी हाकाटी झाली. अखेर संस्थेच्या मुख्य संपादिकेस खुलासा करावा लागला, की समीक्षेचा निष्कर्ष अनिर्णायक आहे. ‘सिद्ध झाले नाही’ म्हणजे ‘खोटे ठरले’ नव्हे, आणि ‘खरे ठरले’ असेही नव्हे.

धाराशिव येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुढील साथीच्या प्रारंभी मुखपट्ट्या सर्वांना एकाच वेळी पुरणार नाहीतच. तेव्हा कोणत्या गावांस आधी व कोणत्यांस नंतर, हे वशिल्याने न ठरविता चिठ्ठीने ठरवावे आणि दोहोंकडील आजार मोजावा. त्यात अन्याय नाही, खर्चही फारसा नाही. लोकांकडून शिस्त मागणाऱ्या शासनाने त्या शिस्तीचे फळ मोजून दाखविणे, हे आम्ही त्याचे कर्तव्य समजतो.