आधी हसू, मग विचार

हास्य आणि ज्ञान यांचे सख्य जमत नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. गंभीर चेहऱ्याने सांगितलेली गोष्ट तेवढी ज्ञानाची, आणि जिचे हसू येते ती पोरकट, असा निवाडा चटकन दिला जातो. या समजुतीला धक्का देणारा एक सोहळा १९९१ साली अमेरिकेत सुरू झाला. मार्क अब्राहम्स या संपादकाने आरंभिलेली ‘इग्नोबेल’ पारितोषिके ही विख्यात नोबेल पारितोषिकांचे विडंबन होत. आधी हसविणाऱ्या आणि मग विचार करावयास लावणाऱ्या कार्याचा त्यांत गौरव होतो. आणि ती प्रदान करावयास खरे नोबेल-विजेते शास्त्रज्ञ आनंदाने येतात.

२००२ साली केरळ कृषी विद्यापीठातील के. पी. श्रीकुमार आणि जी. निर्मलन यांना हत्तीच्या कातडीचे क्षेत्रफळ काढल्याबद्दल हे पारितोषिक मिळाले. हत्तीला मोजपट्टी लावून कोणाचे भले होणार, असे प्रथम वाटते. परंतु प्राण्याच्या अंगातील पुष्कळशी उष्णता कातडीवाटे बाहेर पडते. एवढा अवाढव्य देह निवतो कसा, हे जाणावयाचे तर ती कातडी किती, हे ठाऊक हवे. हत्तीची उंची आणि पुढच्या पायाच्या तळव्याचा घेर, एवढ्या दोन मापांवरून ते काढण्याचे सूत्र या दोघांनी दिले. येथे हसू ओसरते आणि कुतूहल जागे होते.

या पारितोषिकांवर आक्षेपही आला. न्याहारीचे कॉर्नफ्लेक्ससारखे पदार्थ ओलाव्याने कसे बदलतात, या अभ्यासाला १९९५ साली पारितोषिक मिळाले. तेव्हा ब्रिटिश सरकारचे मुख्य विज्ञान-सल्लागार रॉबर्ट मे यांनी, अशा थट्टेने चांगले संशोधन बदनाम होते, अशी तक्रार केली. ही भीती अगदीच निराधार नव्हे. उपहासाची झळ लागली की जिज्ञासेचा कोवळा अंकुर करपतो. मात्र येथे बहुधा संशोधकाला आधी विचारले जाते, आणि नको असल्यास तो नकार देऊ शकतो. उपहास माणसाला खाली ओढतो. निर्मळ हास्य त्याला शेजारी बसवून घेते. हा भेद विसरता कामा नये.

आंद्रे गाईम या शास्त्रज्ञाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. प्रबळ चुंबक पाण्याला किंचित दूर लोटतो, आणि बेडकाच्या देहात पाणीच अधिक; म्हणून त्यांनी चुंबकाच्या बळावर जिवंत बेडूक अधांतरी तरंगविला. त्याबद्दल २००० साली त्यांना मायकेल बेरी यांच्यासह इग्नोबेल मिळाले. त्याच खेळकर वृत्तीने पुढे त्यांनी ग्राफाइटवर चिकटपट्टी लावून ती सोलून काढली, आणि अवघ्या एका अणूच्या जाडीचा ‘ग्राफीन’ हा पदर हाती आला. २०१० साली त्यांना कॉन्स्टंटिन नोवोसेलोव्ह यांच्यासह खरे नोबेल पारितोषिक लाभले.

प्रत्येक विचित्र कल्पना म्हणजे विज्ञान नव्हे. प्रश्न कितीही गमतीचा असो, मापन काटेकोर आणि उत्तर प्रामाणिक असावेच लागते. परंतु प्रश्न विचित्र आहे एवढ्याच कारणाने तो टाकाऊ ठरत नाही. वर्गात एखाद्या मुलाने विलक्षण प्रश्न विचारला, तर सर्वांनी खुशाल हसावे. मात्र त्या हसण्याने त्याची मान खाली जाऊ नये, आणि हसून झाल्यावर उत्तर शोधावयास सर्वांनी त्याच्याबरोबर निघावे.