‘वऱ्हाड’मधला र

‘वऱ्हाड’ हा शब्द संगणकावर कसा लिहावा, हा प्रश्न मराठीच्या अध्यापकांना क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. आम्हांला तो तसा वाटत नाही. अमरावती आणि अकोला ज्या प्रदेशात मोडतात त्याच्या नावातच पापणीसारखा आडवा र आहे, आणि त्याच्या निमित्ताने मराठीच्या संगणकीय इतिहासातील एक विस्मृत करार आठवतो.

डॉसच्या काळातील पीसीच्या पडद्याला देवनागरी ठाऊक नव्हती. चित्र उमटवणारी कार्डे निरनिराळ्या उत्पादकांची; व्हीजीएच्या मर्यादेपलीकडे प्रत्येकाची भाषा निराळी. त्यांच्यासाठी व्हेसा या संघटनेने सामाईक संकेत ठरवले. आपल्याकडे त्याच सुमारास लिपीच्या बाबतीत तसा प्रयत्न झाला. कानपूरच्या आयआयटीत उगम पावलेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये विकसित झालेले जिस्ट कार्ड पीसीत बसवले, की वर्डस्टार किंवा डीबेस यांसारखी केवळ रोमन जाणणारी सॉफ्टवेअरे देवनागरी दाखवू लागत. ती बदलावी लागत नसत, कारण त्यांच्या हाती केवळ अक्षरांचे क्रमांक जात; त्या क्रमांकांवरून जोडाक्षर घडवून पडद्यावर उमटवणे हे कार्डाचे काम. कोणता क्रमांक म्हणजे कोणते अक्षर, याचा करार म्हणजे ‘इस्की’. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १३१९४ हे मानक १९९१चे.

विंडोज आले आणि छपाईच्या व्यवहारात हा करार मागे पडला. फाँट विकणाऱ्या प्रत्येकाने आपापली क्रमांकयोजना वापरली. अक्षरे सुबक दिसत. पण मजकूर त्या फाँटशी बांधला गेला. फाँट हरवला की लेखाच्या जागी निरर्थक चिन्हांचा ढीग. त्या काळातले किती प्रबंध, किती अंकांच्या फाइली अशा मुक्या होऊन पडल्या असतील, याचा विचार मराठी विभागांनी केला पाहिजे.

हे काम तंत्रज्ञांचे, आमचे नव्हे, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे मेळघाटात उतरतात त्या. ‘आचार्यांना’ दक्षिणा द्यायची आणि ‘आचाऱ्यांना’ मजुरी. हा भेद जपणे पाठचिकित्सेचे काम नव्हे काय? इस्कीने हा आडवा र नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून मिळवला. देवनागरीची मांडणी इस्कीवरून घेणाऱ्या युनिकोडने ही रीत स्वीकारली. मात्र जुन्या मजकुराशी मेळ राहावा म्हणून साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह, अशी दुसरी रीतही चालू ठेवली. डोळ्यांना दोन्ही ‘वऱ्हाड’ एकच. नुसते क्रमांक ताडून शोध घेणाऱ्या यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. वऱ्हाडी बोलीवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने एका रीतीने शोध घेतला, तर दुसऱ्या रीतीने लिहिलेले साहित्य त्याच्या हाती लागणार नाही, आणि काही निसटले आहे हे त्याला कळणारही नाही. हस्तलिखितातला पाठभेद निदान दिसतो. हा दिसतच नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. विसाव्या शतकाच्या आरंभी किल्ली बाहेरच्या अभ्यासकांना मिळेपर्यंत मराठीचे आद्य गद्य त्यांना जवळजवळ अपरिचितच होते. तरी तेथे किल्ली जाणणारी आणि ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारी परंपरा होती. आपण अजाणता ज्या लिप्यांत लिहिले त्यांची किल्ली सांभाळणारे कोण?

२०२४ मध्ये त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले. तेथे आणि अमरावती विद्यापीठाच्या महाविद्यालयांत दोन साधी कामे हाती घ्यावीत, असे आम्हांला वाटते. जुन्या फाँटांतला मजकूर, तो वाचता येणारी यंत्रे आणि माणसे आहेत तोवर, युनिकोडमध्ये आणून मुद्रिताशी ताडून पाहावा. आणि प्रबंध स्वीकारताना आडव्या रसाठी ‘ऱ’ची एकच रीत बंधनकारक करावी. शुद्धलेखनावर आपण शतकभर वाद घातले. क्रमांकांचे हे शुद्धलेखन त्या मानाने फार सोपे आहे.