शाळेपासून सिद्धगडापर्यंत
विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानच्या एका नाभिक कुटुंबात झाला. वकील झाल्यावरही ते शहरात रमले नाहीत. परत येऊन त्यांनी आसपासच्या शेतकरी-आदिवासी मुलांसाठी शाळा काढल्या आणि सावकाराच्या व्याजात रुतलेल्या कुळांसाठी धान्यकोठ्या उभारल्या. माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. १९४२ पूर्वीचे हे काम फार थोडे सांगितले जाते, याची खंत वाटते. डोंगरातल्या माणसांनी पुढे कोतवालांच्या ‘आझाद दस्त्या’ला, म्हणजे त्यांच्या क्रांतिकारी गटाला, आपले मानले, त्याची मुळे या शाळांत आणि कोठ्यांतच शोधायला हवीत.

‘चले जाव’ची हाक आल्यावर कोतवालांचा दस्ता भूमिगत झाला. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे त्यांनी पाडले. गिरण्या-कारखान्यांना त्याची झळ बसली. सरकारने बक्षीस लावले, शोध सुरू झाला. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी तळाला गाठले. गोळीबारात तीस वर्षांचे कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील हुतात्मा झाले. सिद्धगड परिसरात त्यांचे स्मारक असून दरवर्षी याच तारखेला लोक तिथे अभिवादनासाठी जमतात.