एका तलवारीची किंमत किती मण ज्वारी?

१/ ‘स्कायरिम’ हा गेम ज्यांनी खेळला आहे, त्यांना लोखंडी कट्यारींची युक्ती ठाऊक असेल. लोखंडाची कांब आणि चामड्याची पट्टी घ्यावी, ऐरणीवर कट्यार घडवावी, विकावी, पुन्हा घडवावी. शंभरावी कट्यार बाजारात आली म्हणून तिचा भाव उतरत नाही, आणि मिळालेल्या सुवर्णनाण्यांना वजन नसते. बाळापूरच्या घरी सुट्टीत मी स्वतः हा उद्योग रात्ररात्र केला आहे. त्यातूनच हा धागा सुचला.

२/ माझे म्हणणे थोडक्यात असे : अशा खेळांतली चिलखते कितीही हुबेहूब असोत, धातू कुठून आला, तो कोणी वाहून आणला आणि तो घडवणाऱ्याच्या पोटात भाकरी कशी पडली, याचा त्या जगाला पत्ता नसेल, तर ते जग मध्ययुगीन नव्हे. ती केवळ मध्ययुगीन वेशभूषा होय. दाखला युरोपातला नको. आपल्या वऱ्हाडातलाच घेऊ.

३/ सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन केले. बाळापूरजवळच्या दोन नद्यांच्या काठी सुंदर खडे सापडतात, अशी नोंद त्यात आहे. त्या मन आणि म्हैस या आमच्याच नद्या. लोणारला काच आणि साबण यांसाठी लागणारा क्षार, वैरागडला हिरे, इंदूर (आजचे निजामाबाद) व निर्मळ येथे पोलाद. ही दोन्ही ठिकाणे आज तेलंगणात असली, तरी ऐनमध्ये ती वऱ्हाडातच येतात. प्रत्येक वस्तूला तिचे गाव आहे, ही गोष्ट इथे महत्त्वाची.

४/ निर्मळचे पोलाद खाणीतून आयते निघत नसे. लोहखनिजाची वाळू धुऊन, कोळशाच्या भट्टीत वितळवून आधी लोखंड काढीत. मग मातीच्या बंद मुशीत ते दीर्घकाळ तापवीत आणि सावकाश निवू देत. त्या गोळ्यापासून घडलेल्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे. दमास्कसच्या नावाने जगभर गाजलेल्या तलवारींचा कच्चा माल हाच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हॉयसी नावाचा इंग्रज निजामाबादजवळच्या कोनासमुद्रम येथे गेला, तेव्हा इस्फहानचा एक व्यापारी हे पोलाद विकत घेण्यासाठी तिथे मुक्कामाला होता.

५/ म्हणजे एका पात्यामागे खनिज धुणारे हात, कोळशासाठी तुटलेले रान, मुशी घडवणारा कारागीर आणि भाता ओढणारा मजूर उभा आहे. त्यानंतर वाहतूक. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली बंजाऱ्यांचा १४,००० बैलांचा तांडा भेटला. असा तांडा दिवसाकाठी सहा-सात मैलांहून अधिक चालत नसे. त्या चालीने निर्मळहून बाळापूर गाठायला तीन आठवडे सहज लागतील. वाटेत जकात वेगळी, चाऱ्याची चिंता वेगळी. गेममध्ये हेच अंतर नकाशावर बोट ठेवताच सरते.

६/ आता नाण्याकडे वळू. काल्पनिक राज्यांत एकच सुवर्णनाणे या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते. अबुल फजल मात्र आवर्जून नोंदवतो, की वऱ्हाडी टका दिल्लीच्या आठ टक्यांबरोबर असतो. दिल्लीचा टका दोन दामांचा, म्हणजे वऱ्हाडी टका १६ दामांचा. सुभ्याचा साडेतीन कोटी टक्यांचा महसूल मुघल दप्तरात ५६ कोटी दाम होऊन बसतो. नाव एकच, मोल आठपट. प्रांत ओलांडणाऱ्या व्यापाऱ्याला तलवारीआधी सराफाची गरज भासत असणार!

७/ दाम हे तांब्याचे नाणे, वजन सुमारे २१ ग्रॅम. ऐनमधला टांकसाळीचा हिशेब पाहा : एक मण (अंदाजे २५ किलो) तांबे १,०४४ दामांना मिळते, आणि घट वजा जाता त्यातून १,१७० दाम पडतात. नाण्याची किंमत ही बव्हंशी त्यातल्या धातूचीच किंमत होती. शंभर रुपये दामांत द्यायचे, तर ४० दामांच्या रुपयाने ४,००० दाम, म्हणजे सुमारे ८४ किलो तांबे होते. बैलाचे अर्धे ओझे तेवढ्यातच भरते. हुंडी का जन्माला आली, याचे उत्तर या वजनात आहे.

८/ आणि रुपयाची चांदी? हिंदुस्थानात चांदीच्या खाणी नावापुरत्याच. अमेरिकेतल्या खाणींची चांदी स्पॅनिश नाण्यांच्या रूपाने युरोप व तांबड्या समुद्रामार्गे सुरतेस येई आणि टांकसाळीत वितळून रुपया होई. मोबदल्यात इथले कापड आणि नीळ परदेशी जाई. बाळापूरच्या पेठेत खणखणणारा रुपया हा महासागर ओलांडून आलेला पाहुणा होता. गेममधल्या राक्षसाच्या पोटातून निघणाऱ्या मोहरांना असा कुठलाच प्रवास नसतो.

९/ आता मथळ्यातला प्रश्न. ऐनमध्ये तलवारीची किंमत अर्ध्या रुपयापासून १५ मोहरांपर्यंत दिली आहे. ज्वारी मणाला १० दाम. साध्या मजुराचा रोज २ दाम. हे भाव शाही दरबाराकडचे, बाळापूरच्या बाजाराचे नव्हेत. तरी प्रमाण कळते. हलकी तलवार २० दामांची, म्हणजे दोन मण ज्वारी अथवा दहा दिवसांची मजुरी. मोहर नऊ रुपयांची धरली, तर उंची तलवार ५,४०० दामांची, म्हणजे ५४० मण ज्वारी अथवा २,७०० दिवसांची मजुरी. सात वर्षांहून अधिक! तलवारींमधला खरा भेद ‘हल्ल्याचे गुण’ नव्हे, हा आहे.

१०/ या साऱ्याचा इतिहासाशी संबंध काय? १६२० सालचे बाळापूर पाहा. (आजचा किल्ला त्यानंतरचा.) तह मोडून मलिक अंबर वऱ्हाडात शिरला. मेहकरला मुघल फौज होती. शस्त्रांत ती उणी नव्हती. अंबरच्या स्वारांनी तिच्याशी आमनेसामने झुंज घेण्यापेक्षा तिचे धान्य तोडले. दाणागोटा संपत आला तशी फौज मेहकरहून बाळापुरास हटली, आणि तिथेही निभाव लागेना तेव्हा बुऱ्हाणपुरास गेली. पोलाद शाबूत होते. ज्वारी संपली होती.

११/ दहाच वर्षांनी, १६३०-३२ च्या दुष्काळात, गुजरात आणि दख्खन उजाड झाले. बादशहा शाहजहान तेव्हा दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात होता. अशा काळी धान्याचा भाव काय आणि तांडा कोणाच्या दारी उतरतो, यावर माणसांचे जगणे-मरणे ठरते. ज्या खेळात पाव वर्षभर एकाच भावाने मिळतो, त्या खेळात दुष्काळ येऊ शकत नाही. म्हणून तिथला राजा खरा सज्जनही होऊ शकत नाही आणि खरा जुलमीही.

१२/ यावर आक्षेप ठरलेला आहे : “खेळ करमणुकीसाठी असतो, जमाखर्च लिहायला नव्हे.” मान्य. सगळा हिशेब खेळणाऱ्याच्या माथी मारा, असे मी म्हणत नाही. परंतु ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ हा गेम १४०३ च्या बोहेमियातला, चांदीच्या खाणींच्या मुलखातला, त्यात खोट्या नाण्यांचा छडा लावणे हाच कथेचा भाग होतो आणि ते कंटाळवाणे मुळीच वाटत नाही. टंचाई ही कथेची शत्रू नाही. माझी मागणी एवढीच, की वस्तूच्या भावाला अंतर आणि हंगाम कळावा.

१३/ खरे तर दोष केवळ परदेशी गेम घडवणाऱ्यांचा नाही. आपणही इतिहास सांगताना तलवारी मोजतो, गोण्या मोजत नाही. सरदारांची नावे मुखोद्गत असतात; लोहार, बंजारा आणि पाटील-कुलकर्ण्यांच्या चोपड्यांत धाऱ्यापुरता उरलेला कुणबी आपल्या कथेत येतच नाहीत. उद्या कोणी मराठी तरुण दख्खनवर गेम रचील, आणि तो रचावाच, तेव्हा त्याने पहिले चित्र किल्ल्याचे काढू नये. मन नदीच्या उतारावर पाण्यात उतरणाऱ्या बैलांचे काढावे, आणि त्यांच्या पाठीवरच्या गोण्यांत काय आहे ते आधी ठरवावे.

१४/ तुमच्या गावाजवळ जुनी लोखंडाची भट्टी, तिचा काळा मळ, टांकसाळीची जागा किंवा तांड्यांची वाट असेल, तर खाली जरूर कळवा. पुढचा धागा त्यावरच लिहीन.