देवाचं नाव नको, मास्तर द्या

गांधींनी आपल्या बापजाद्यांना ‘हरिजन’ केलं, पाणवठा बंदच. 2015 साली पंतप्रधानांनी अपंगाला ‘दिव्यांग’ केलं. तीच चाल.

माझा भाऊ अंबाडीत. बारा वर्षांचा, मतिमंद. गाव म्हणतं, खुळा. दाखल्यासाठी त्याला घेऊन ठाण्याला तीन खेपा घातल्या, गोदीतल्या तीन पाळ्या बुडाल्या. खिडकीवरचा म्हणतो, डॉक्टर नाय, पुढच्या बुधवारी या. 2016 चा कायदा सांगतो, 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर 6 ते 18 वयापर्यंत शिक्षण मोफत, जवळच्या शाळेत. जवळची शाळा म्हणते, ह्याला सांभाळणार कोण?

2022 साली राज्यात स्वतंत्र दिव्यांग खातं झालं. माझ्या भावासमोर अजून एक मास्तर आला नाही.

दया तुमच्या घरी ठेवा. तालुक्यात दाखला द्या, शाळेत शिकवणारा द्या. नायतर ही पोरं घेऊन कचेरीच्या पायरीवर बसू. बघू, देवाची माणसं कोण हाकलतो!