नजर हटी, तिजोरी भरी

‘नजर हटी, दुर्घटना घटी’ ही पाटी उत्तरेकडच्या रस्त्यांवर वाचतच जबलपूरकर मोठा होतो. आता त्याच रस्त्यांवर नजर हटवण्याचाच धंदा एलईडी फलकांनी मांडला आहे.

जबलपूरच्या रांझी भागाशेजारी वाहन निर्माणी 1969 साली उभी राहिली आणि तिथून लष्कराचे ‘शक्तिमान’ ट्रक बाहेर पडले. चालकापुढे काच कशासाठी बसवतात, हे इथे कुणाला शिकवायला नको. फ्लेक्सचा फलक चार दिवसांत सवयीचा होतो. डिजिटल फलक मात्र काही सेकंदांनी चित्र पालटतो, त्यामुळे रोज त्याच वाटेने पाळीला जाणारा कामगारही पुन्हा पुन्हा तिकडे बघतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने दोन सेकंद तिकडे बघितले, तर गाडी तेवढ्यात 33 मीटर पुढे गेलेली असते. रात्री त्या झगमगाटावरून नजर परतली, तरी बिनदिव्याची सायकल चटकन दिसत नाही.

नियम जुनेच आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसचे 1972 चे धोरण चौकापासून 100 मीटरच्या आत जाहिरात नको म्हणते, शहरात फार तर 50 मीटरपर्यंत सूट देते. लुकलुकत्या, हलत्या दिव्यांना त्यात मनाई आहे. सवलत फक्त वेळ, तापमान अशा माहितीला. वाहतुकीला धोका ठरणारे दिल्लीतले फलक हटवा, असे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्येच बजावले होते.

घाटकोपरला 13 मे 2024 रोजी फलक कोसळून 17 जण गेले, तेव्हा फलकांचा पाया आणि आकार तपासायची धांदल उडाली. उभ्या फलकाने केलेला घात मात्र पंचनाम्यात ‘चालकाचे नियंत्रण सुटले’ एवढ्यावर मिटतो. गाडी चालवताना हातात मोबाइल धरला तर मोटार वाहन कायद्याचे कलम 184 लागते. चौकातल्या वीस फुटी पडद्याची मात्र पावती फाटते, तीही महसुलाची.

जाहिरातदाराला सांगायचे, ‘येणारा-जाणारा प्रत्येक जण बघणारच’. पालिकेला सांगायचे, ‘कुणाचेही लक्ष विचलित होणार नाही’. यातले एक नक्की खोटे. तेव्हा परवानगीच्या अर्जासोबत जाहिरातदाराला दाखवलेले माहितीपत्रकही पालिकेने मागून घ्यावे. फलक किती धोक्याचा आहे, ते कंपनीने त्यात स्वतःच रंगवून लिहिलेले असेल.