खाणीतली धूळ कोणाच्या हिशेबात?

कोळशाच्या खाणीशी आपला काय संबंध, असे आपल्यापैकी बहुतेक जण म्हणतील. महिन्याचे विजेचे बिल भरतो तेवढाच. पण ज्यांच्या ४०१ के किंवा आयआरए खात्यात एखादा साधा इंडेक्स फंड आहे (आणि तो नाही असे घर आपल्या मंडळात विरळाच), ते सगळे थोड्या प्रमाणात का होईना, खाणमालक आहेत. तांबे काढणारी फ्रीपोर्ट-मॅकमोरान आणि सोने काढणारी न्यूमाँट या कंपन्या एस अँड पी ५०० मध्येच आहेत. फंड 'टोटल मार्केट' प्रकारचा असेल तर पीबॉडीसारख्या कोळशाच्या कंपन्याही त्यात येतात. आपला वाटा थेंबाएवढा असेल, पण लाभांश आपण घेतोच.

अशा कंपनीचा वार्षिक अहवाल कधी हाती आला तर जरूर चाळावा. पहिल्या दोन-चार पानांत हेल्मेट घातलेला हसरा कामगार असतो, मागे हिरवागार डोंगर असतो आणि खाली कामगारांची सुरक्षितता, आसपासच्या वस्तीचे कल्याण व निसर्गाची जपणूक यांची ग्वाही असते. ती ग्वाही खोटीच असते असे मी म्हणत नाही. पण ज्याचे पैसे गुंतले आहेत त्याने ती तपासून घ्यावी. आणि तपासायची झाली तर अपघातांच्या आकड्यांआधी धुळीचे आकडे पाहावेत, असे माझे ठाम मत झाले आहे. ते का, हे एका कंपनीच्या उदाहरणावरून सांगतो.

वेस्ट व्हर्जिनियातील मॅसी एनर्जी ही मध्य अ‍ॅपलाचियातली एक बलाढ्य कोळसा कंपनी होती. तिचे ब्रीदवाक्यच होते: एस-१, पी-२, एम-३. म्हणजे सेफ्टी पहिली, प्रॉडक्शन दुसरे, मोजमाप तिसरे. आपल्याकडे कामगारांना इजा होण्याचे प्रमाण उद्योगाच्या सरासरीपेक्षा कमी आहे, असेही कंपनी अभिमानाने सांगत असे. दुसरी बाजू अशी की २००५ मध्ये कंपनीचे प्रमुख डॉन ब्लँकनशिप यांनी खाणींच्या सुपरिंटेंडेंटांना एक चिठ्ठी पाठवली होती. कोळसा काढण्याखेरीज दुसरे काही करायला कोणी सांगितले तर दुर्लक्ष करा, बिले कोळशावर भागतात, असा तिचा मथितार्थ. आठवडाभराने सुरक्षितता हीच पहिली जबाबदारी अशी दुसरी चिठ्ठी गेली, हेही सांगितले पाहिजे. त्यानंतर जानेवारी २००६ मध्ये मॅसीच्याच अ‍ॅराकोमा खाणीत आग लागून दोन कामगार गेले, आणि त्या प्रकरणी तिच्या उपकंपनीने गुन्हा कबूल केला.

५ एप्रिल २०१० रोजी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास, मॅसीच्या अप्पर बिग ब्रँच खाणीत स्फोट होऊन २९ कामगार ठार झाले. चौकशीत निघालेले कारण मुळात साधे होते. कोळसा कापणाऱ्या यंत्राचे दात झिजलेले होते, ते वालुकाश्मावर घासून ठिणग्या उडाल्या. त्या विझवायला यंत्रावर पाण्याचे फवारे असतात. त्यांतले काही गायब होते, काही बिघडलेले होते. थोडा मिथेन पेटला. एवढ्यावर भागले असते तर तो एक छोटा भडका ठरला असता. पण खाणीच्या भिंतींवर आणि जमिनीवर कोळशाची बारीक धूळ साचलेली होती, आणि ती निष्प्रभ करण्यासाठी तिच्यावर जी चुनखडीची पूड पसरावी लागते ती पुरेशी पसरलेली नव्हती. धूळ पेटत गेली आणि दोन मैलांहून अधिक बोगद्यांतून स्फोट धावला. पाणी, खेळती हवा आणि चुनखडी. या काही रॉकेटशास्त्रातल्या गोष्टी नव्हेत. शंभर वर्षांपासून प्रत्येक खाण इंजिनिअरला ठाऊक असलेल्या आहेत.

तपास करणाऱ्या सरकारी खाण सुरक्षा खात्याला (इथे त्याला सगळे 'एमशा' म्हणतात) आणखी एक गोष्ट सापडली. खाणीत नोंदींच्या दोन वह्या होत्या. कायद्याने ठेवायची एक, इन्स्पेक्टरने बघायची. दुसरी कंपनीच्या अंतर्गत वापराची. तिच्यात पहिलीत नसलेले धोके लिहिलेले होते. इन्स्पेक्टर दाराशी आला की खाली आगाऊ वर्दी जात असे, हेही पुढे आले. दोन खातेवह्या ठेवणारा दुकानदार कसा असतो हे आपल्याला गावाकडून माहीत आहेच.

आता या प्रकरणातला जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याकडे येतो. मृतांच्या शवविच्छेदनात २४ जणांच्या फुफ्फुसांचा तपासण्याजोगा भाग मिळाला. त्यांपैकी १७ जणांना ब्लॅक लंग, म्हणजे कोळशाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा रोग होता. त्यांची वये होती २५ ते ६१. पाच जणांचा तर खाणीतला अनुभव दहा वर्षांपेक्षाही कमी होता. म्हणजे स्फोट झालाच नसता तरी ही माणसे त्याच धुळीने हळूहळू आजारी पडत होती, आणि कंपनीच्या त्या अभिमानास्पद इजांच्या दरात यांतला एकही मोडत नव्हता. पाय मोडला की त्या दिवशी नोंद होते. फुफ्फुस निकामी व्हायला पंधरा-वीस वर्षे लागतात. तोवर माणूस नोकरी सोडून गेलेला असतो, कधीकधी कंपनीच नाहीशी झालेली असते.

रोगाविषयी दोन शब्द. डोळ्यांना दिसणारी धूळ नाकाघशात अडकते. घातक असते ती अगदी सूक्ष्म धूळ, जी वायुकोशांपर्यंत पोहोचते. शरीर ती बाहेर काढू शकत नाही, तिच्याभोवती व्रण धरतात, व्रण वाढून एकमेकांत मिसळतात, आणि रोग पुढच्या अवस्थेत गेला की दम इतका लागतो की जिना चढणे सोडाच, बोलता बोलता थांबावे लागते. बरे करणारे औषध नाही. फार तर फुफ्फुसाचे प्रत्यारोपण, तेही मोजक्यांना. १९६८ मध्ये फार्मिंग्टन खाणीत ७८ कामगार गेल्यावर अमेरिकेने १९६९ चा कायदा केला, धुळीवर मर्यादा आली, आणि हा रोग खरोखरच उतरणीला लागला होता. मग तो परतला. जाड थर संपत आले, पातळ थरांतला कोळसा काढताना यंत्रे वरखालचा दगडही कापतात, आणि दगडातली सिलिका कोळशापेक्षाही घातक असते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनुसार पंचवीस वर्षे वा अधिक काळ खाणीत काढलेल्या दहा कामगारांमागे एकाला आणि मध्य अ‍ॅपलाचियात पाचांमागे एकाला हा रोग होता. नैर्ऋत्य व्हर्जिनियातल्या फक्त तीन दवाखान्यांत चार वर्षांत त्याच्या अंतिम अवस्थेचे ४१६ रुग्ण सापडले होते. त्या डोंगराळ भागांत भारतीय डॉक्टर बरेच आहेत. त्यांना हे नवीन नाही.

पैशाचे काय झाले? स्फोटाआधी मॅसीचा शेअर चोपन्न-पंचावन्न डॉलरच्या आसपास होता. जानेवारी २०११ मध्ये अल्फा नॅचरल रिसोर्सेसने कंपनी विकत घ्यायचे ठरवले तेव्हा एका शेअरचा भाव ६९ डॉलरच्या वर धरला गेला. २९ माणसे गेल्यावर वर्षाच्या आत भागधारकांना आधीपेक्षा जास्त भाव! बाजार अशा कंपनीला आपोआप शिक्षा करतो असे मानणाऱ्या मित्रांनी हा आकडा लक्षात ठेवावा. अल्फाने सरकारशी सुमारे २१ कोटी डॉलरचा समझोता केला. त्यात मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी १५ लाख होते. पण शेअर धरून बसलेल्यांनाही पुढे सुख लाभले नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये अल्फा दिवाळखोरीत गेली आणि जुन्या शेअरची किंमत शून्य झाली.

त्या दिवाळखोरीबरोबर आणखी एक ओझे हलले. ब्लॅक लंग झालेल्या कामगाराचा भत्ता आणि औषधपाणी मूळ कंपनीने द्यायचे असते. कंपनी बुडाली की तो भार कोळशावरील करातून चालणाऱ्या सरकारी ट्रस्ट फंडावर जातो, आणि तो फंड वर्षानुवर्षे सरकारकडून कर्ज काढून चालतो. २०१४ ते २०१६ दरम्यान अल्फासह तीन कंपन्यांच्या दिवाळखोरीने अंदाजे ८६ कोटी ५० लाख डॉलरचा बोजा असा सरकली, असे अमेरिकन काँग्रेसच्या हिशेब तपासणी कार्यालयाने २०२० मध्ये सांगितले. नफा होता तेव्हा तो भागधारकांचा होता. फुफ्फुसांचे बिल मात्र करदात्याकडे आले. ज्यांना समाजकल्याणावरचा सरकारी खर्च खटकतो (आपल्यात असे पुष्कळ आहेत), त्यांनी याचाही विचार करावा.

खटलाही झाला. डिसेंबर २०१५ मध्ये ज्यूरीने ब्लँकनशिप यांना सुरक्षा नियम मोडण्याच्या कटाबद्दल दोषी ठरवले. हा अमेरिकन कायद्यात किरकोळ दर्जाचा गुन्हा. शिक्षा एक वर्ष कैद आणि अडीच लाख डॉलर दंड. त्यांनी दोष नाकारला, पण नंतरची अपिले फेटाळली गेली. मोठा आरोप भागधारकांच्या फसवणुकीचा होता. स्फोटानंतर कंपनीने जाहीर केले होते की आम्ही नियमभंग खपवून घेत नाही आणि सदैव नियम पाळण्याचा प्रयत्न करतो. हे विधान खोटे असल्याचा सरकारचा दावा होता. त्या आरोपांतून ते सुटले. म्हणूनच 'आम्ही प्रयत्नशील आहोत' या वाक्याला मी फारसे वजन देत नाही. प्रयत्न कोण मोजणार?

मोजता येते ते वेगळे, आणि ते फुकट पाहायला मिळते. अप्पर बिग ब्रँचनंतर, २०१० च्याच डॉड-फ्रँक कायद्याने अमेरिकेत खाण चालवणाऱ्या प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला आपल्या वार्षिक 'टेन-के' अहवालात खाण सुरक्षेची माहिती देणे सक्तीचे केले. अहवालाच्या 'आयटम ४' मध्ये एका ओळीत 'एक्झिबिट ९५ पाहा' असे म्हटलेले असते. ते एक्झिबिट शोधून काढावे. तिथे फोटो नाहीत, नुसता तक्ता आहे: प्रत्येक खाणीचे नाव, गंभीर नियमभंग किती, तातडीच्या धोक्यामुळे काम थांबवण्याचे आदेश किती, प्रस्तावित दंड किती, मृत्यू किती. एक वर्ष पाहून काही कळत नाही. लागोपाठ तीन-चार वर्षांचे तक्ते शेजारी ठेवले की कळते. धुळीची मोजमापे या तक्त्यात नसतात. ती एमशाच्या संकेतस्थळावर खाणीच्या नावाने पाहता येतात. अर्ध्या तासाचे काम आहे. फ्रिज घेताना आपण यापेक्षा जास्त वेळ घालवतो.

काही जण म्हणतील, मग असले फंड विकूनच टाकावेत. मला ते पटत नाही. आपण विकले तर दुसरा कोणी घेईल, आणि खाणीतल्या माणसाला ती नोकरी हवीच असते. त्या खोऱ्यांत दुसरे काम मिळणे कठीण. त्यापेक्षा फंड कंपनीला पत्र लिहावे. आपल्या वतीने भागधारकांच्या सभेत मत फंडच देतो, आणि ते कसे दिले हे त्याला दरवर्षी जाहीर करावे लागते. संचालकांचा बोनस नुसत्या अपघातांच्या दराशी बांधलेला आहे की धुळीच्या मोजमापांशीही, एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ.

सरकार बघून घेईल, यावर विसंबण्याचे हे दिवस नाहीत. सिलिकाची मर्यादा निम्म्यावर आणणारा एमशाचा नियम २०२४ मध्ये आला. एप्रिल २०२५ मध्ये अपील न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्याच महिन्यात कामगारांचे मोफत एक्स-रे काढणाऱ्या सरकारी कार्यक्रमाच्या कर्मचाऱ्यांवर कपातीची कुऱ्हाड पडली. एका खाणकामगाराने दावा लावला आणि मे महिन्यात वेस्ट व्हर्जिनियातल्या केंद्रीय न्यायाधीश आयरीन बर्जर यांनी ते काम पूर्ववत सुरू करण्याचा आदेश दिला. ब्लँकनशिप यांचा खटला चालला होता तो याच न्यायाधीशांपुढे.

नागपूर, उमरेड, चंद्रपूरकडच्या वाचकांना हे सारे वाचताना वेस्टर्न कोलफिल्ड्स आठवली असेल. तिची मालक कोल इंडिया २०१० पासून शेअर बाजारात आहे आणि भारतात पैसे गुंतवणाऱ्या अनेकांकडे, थेट किंवा फंडातून, तिचे शेअर असतात. तिथेही सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना जबाबदारी व शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला आहे. त्यात मृत्यू आणि इजांबरोबर कामामुळे जडलेल्या गंभीर आजारांचाही रकाना आहे. पुढच्या वेळी अहवाल हाती आला की आधी तो रकाना उघडून बघा, आणि तिथे शून्य लिहिलेले असेल तर किती कामगारांचे एक्स-रे काढले होते हे कंपनीला पत्राने विचारा.